महाविद्यालय, परदेश आणि सेवेचे सत्र

महाविद्यालयीन अभ्यास आणि परदेशातील लोकसेवा यांची सांगड घालण्याचा प्रयत्न नवा नाही. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात गोशेन हे मेनोनाइट पंथीयांचे एक लहानसे महाविद्यालय आहे. तेथे १९६८ साली ‘अभ्यास-सेवा सत्र’ सुरू झाले. विद्यार्थ्यांच्या पहिल्या तुकड्या कोस्टारिका, जमैका व ग्वादेलूप येथे गेल्या. सत्राचा पूर्वार्ध भाषा, इतिहास आणि समाजजीवन यांच्या अभ्यासाचा, तर उत्तरार्ध प्रत्यक्ष सेवेचा. वास्तव्य स्थानिक कुटुंबात. हे सारे पदवीच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून. सुटीतील सहल म्हणून नव्हे.

त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये इव्हान इलिच या विचारवंताने मेक्सिकोत सेवेसाठी जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांना खडे बोल सुनावले. ज्यांची भाषा अवगत नाही त्यांच्यावर उपकार करावयास जाऊ नका. पाहावयास, शिकावयास अवश्य जा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. बोल कठोर होते, पण गैरलागू खचितच नव्हते.

या आक्षेपाचे एक उत्तर महाराष्ट्रातच सापडते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या स्त्रिया तेथे आरोग्यसेविका झाल्या. त्यांतील कित्येक निरक्षर, कित्येक दलित. दुष्काळाच्या काळात विंधनविहिरी दलित वस्तीत घेण्यावर भर देण्यात आला. पाणी हवे तर सवर्णांनीही तेथे येणे प्राप्त झाले! सामाजिक न्याय आणि मुलांची हगवण यांचा संबंध इतक्या स्पष्टपणे क्वचितच एखाद्या पाठ्यपुस्तकात सापडेल. पुढे देशोदेशीचे विद्यार्थी जामखेडला शिकावयास येऊ लागले. तेथे पाहुणा विद्यार्थी असतो आणि शाळेची पायरी न चढलेली बाई त्याची शिक्षिका.

आपल्याकडे १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या शिबिरार्थींनाही आणि परदेशी पाहुण्यांनाही काही प्रश्न सारखेच लागू पडतात. त्यांना बोलावले कोणी? दुभाष्याविना ते कोणाशी बोलणार? त्यांच्यासाठी गावातील कोणाची मजुरी बुडणार? विद्यार्थी पदवीचे गुण घेऊन परततो, गाव तेथेच राहते. म्हणून अशी मागणी पंचायतीपुढे आली, तर मुदत, काम आणि जबाबदार व्यक्ती यांची नोंद ठरावात अगोदरच व्हावी. त्याने सुरू केलेली बालकांच्या वजनाची नोंदवही तो गेल्यावर कोण भरणार, हेही त्याच ठरावात लिहिलेले असावे.