भिंतीपलीकडचा मृदंग

(दारव्हा तालुक्यातील एका सप्ताहात पाचव्या दिवशी झालेल्या कीर्तनातील दृष्टांताचा भाग. ध्वनिमुद्रणावरून.)

टाळ जरा खाली ठेवा, सरसावून बसा. मघाचं चरण सोडून मी आता थोडा बाजूला जाणार आहे. मागे बसलेल्या पोरांनो, मोबाईल खिशात घातले नाहीत तरी आज चालेल, कारण दृष्टांत तुमच्याच खिशातला आहे. आणि माउली, हे छापून आल्यावर तुम्ही घरी बसून वाचत असाल, तर वाचता वाचता एकदा आपल्या घरातल्या टीव्हीकडे पाहून घ्या.

टीव्ही आपल्याकडे कसा आला, हे पन्नाशी उलटलेल्यांना सांगायला नको. 25 जानेवारी 1987, रविवार. त्या सकाळी दूरदर्शनवर रामायण सुरू झालं आणि पुढे दीड वर्ष, 31 जुलै 1988 पर्यंत, रविवारची सकाळ रामाची झाली. आमच्या गावात तेव्हा एक टीव्ही. त्या घरच्या ओसरीत माणूस मावत नव्हता, अंगणात मावत नव्हता. एकजण छपरावर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून पंधराजण ओरडायचे, ‘आलं, आलं… गेलं!’ लाईन गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची. ज्याच्या बांधावरून भांडण, तोही शेजारी येऊन बसायचा. करतो काय? दुसरा टीव्हीच नव्हता.

पुढे घरोघर टीव्ही झाले, मग माणसागणिक मोबाईल झाले. 2020 च्या मार्चमध्ये देश बंद पडला, तेव्हा 28 मार्चपासून तेच रामायण पुन्हा लागलं. त्या वर्षीची आषाढी 1 जुलैला होती. पायी वारी नाही. पालख्या एसटीच्या गाडीत बसून पंढरीला गेल्या. ज्या घराची गोष्ट मी सांगतोय, त्या घरातल्या आबांनी तेवढी एक वारी टीव्हीपुढे बसून केली. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, पुढ्यात टीव्ही. नाव, गाव विचारू नका. आपल्याच जिल्ह्यातलं घर आहे, कापसाचं घर आहे, एवढं पुरे.

आबा मृदंग वाजवायचे. सप्ताह कुठंही असो, मृदंग आबांचा. 2021 च्या दुसऱ्या लाटेत आबा गेले. ते दिवस तुम्हाला आठवतात. शेवटच्या वाटेला माणसं मोजून नेली. ज्या माणसाच्या मृदंगावर शेकडो माणसं नाचली, त्याच्यामागे टाळ वाजला नाही. आणि वर्षश्राद्ध होतं न होतं तोच दोघा मुलांनी वावर वाटलं, विहिरीच्या पाळ्या लावल्या आणि घराच्या मधोमध विटांची भिंत घातली. चूक कोणाची ते मी सांगणार नाही, कारण मी दोघांच्याही घरी जेवलो आहे.

भिंत झाली, बोलणं थांबलं. थोरल्यानं आपल्या बाजूला इंटरनेट घेतलं, कारण त्याचा मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करतो. मग धाकट्यानंही घेतलं. एका छपराखाली दोन वाय-फाय! नावं वेगळी, पासवर्ड वेगळे. म्हातारी माय धाकट्याच्या वाट्याला आलेल्या बैठकीत, बाजेवर. मोठा टीव्ही तिथंच. नातू मात्र रोज भिंतीला वळसा घालून आजीकडे जायचा. लेकरांना आणि म्हातारीला कोणी अडवत नव्हतं.

गेल्या माघात मी त्या गावी कीर्तनाला गेलो. दुपारचं जेवण थोरल्याकडे. ताटावर बसलो आहे, ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, आणि भिंतीपलीकडून मृदंग वाजला. मंडळी, मी चाळीस वर्षं मृदंगापुढे उभा आहे. हात ओळखू येतो. माझा घास हातात राहिला. थोरल्याकडे पाहिलं तर त्याचाही राहिलेला. तो हळूच म्हणाला, ‘महाराज, हे कोन वाजवून राहिलं?’ कोण वाजवतंय ते त्यालाही कळलं होतं, मलाही.

आता आपण भिंतीपलीकडे जाऊ. तिथं काय घडलं ते नातवानं मला नंतर सांगितलं.

2018 च्या सप्ताहात काल्याच्या दिवशी नातवानं मोबाईलवर आबांचं चित्रण केलं होतं. मोबाईल भरला तेव्हा ते लॅपटॉपवर उतरवून ठेवलं आणि विसरला. परवा दुसरं काही शोधताना सापडलं. आजीला दाखवायला गेला. आजीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं. लॅपटॉप नाकाशी धरला तरी ती म्हणे, ‘मले मुंग्यावानी दिसते रे बापू. आवाज त्यायचाच हाय, पन तोंड दिसत नाही.’ समोर भिंतीवर एवढा मोठा टीव्ही! पोरगा म्हणाला, थांब आजी, त्याच्यावर लावतो.

तार हवी होती, तार नव्हती. पण आता तारेचं काम नाही. हे समजायला मला जरा वेळ लागला, मी शाळा कमी शिकलेला माणूस. तुम्हाला सांगतो, कारण तुमच्या घरी हा उपयोग आहे. वाय-फाय म्हणजे रेडिओच्याच लहरी. डोळ्यांना दिसत नाहीत, भिंतीतून आरपार जातात. आपल्या देशात जगदीशचंद्र बोस यांनी 1895 च्या सुमारास कलकत्त्याला लोकांसमोर हे करून दाखवलं. यंत्र एका बाजूला, घंटा भिंतीपलीकडे, मध्ये तार नाही, आणि घंटा वाजली. सव्वाशे वर्षांच्या वर झाली त्याला. आज तुमच्या घरातला वाय-फायचा डबा तेच करतो. त्यात दोन तऱ्हेच्या लहरी असतात. एकीला 2.4 म्हणतात, ती लांब जाते, भिंती ओलांडते, पण तिच्यावर गर्दी फार. दुसरी 5 ची, ती वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर थकते. म्हणून टीव्ही आतल्या खोलीत आणि डबा ओसरीत असेल तर चित्र अडखळतं. डबा जवळ आणा, अर्धी तक्रार मिटते.

तर पोरानं लॅपटॉपमध्ये क्रोम उघडलं, त्यात ‘कास्ट’ म्हणून एक खूण असते, ती दाबली. संगणक आजूबाजूला टीव्ही शोधू लागला. शोधतोय, शोधतोय, सापडत नाही. टीव्ही पाच हातांवर! का सापडेना? लॅपटॉप बापाच्या वाय-फायवर, टीव्ही काकाच्या वाय-फायवर. या पद्धतीत दोघं एकाच जाळ्यात असावे लागतात. पाच हातांवर असून ओळख नाही. बोसबाबूंच्या लहरीनं वीट ओलांडली होती, हो, ती इथंही ओलांडत होती. अडलं होतं पासवर्डापाशी.

आता पासवर्ड काकाकडे.

काका अंगणात कापसाची गाठोडी बांधत होता. पोरगा गेला. ‘काका, वाय-फायचा पासवर्ड पाहिजे व्हता.’

‘कायले? तुमच्याकडे हाय ना तुमचं.’

‘आबाचा व्हिडिओ हाय. आजीले टीव्हीवर दाखवाचा हाय.’

काका गप्प. गाठोड्याची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मग उठला, धोतराला हात पुसले आणि म्हणाला, ‘सांगत नाही. मीच टाकून देतो.’ आत आला, लॅपटॉप आपल्याकडे वळवला, पुतण्याला म्हणाला, ‘तिकडं पाह्य,’ आणि एकेका बोटानं पासवर्ड टाकला. पुतण्या टीव्हीकडे पाहत उभा. खूण पुन्हा दाबली. टीव्हीचं नाव दिसलं. आणि टीव्हीवर आबा आले.

हाच तो मृदंग, जो मला ताटावर ऐकू आला.

थोरला हात न धुता उठला. दारापर्यंत गेला, तिथं थांबला, वळून मला म्हणाला, ‘महाराज, तुम्ही येता का? पाहू तरी.’ मी काय समजायचं ते समजलो. एकट्याला जाववत नव्हतं, महाराजांच्या मागे जाता येत होतं. अशा कामाला तरी आमचा फेटा उपयोगी पडतो. आम्ही भिंतीला वळसा घालून गेलो.

बैठकीत काय पाहिलं? म्हातारी बाजेवर उठून बसलेली. धाकटा खांबाला टेकून उभा. टीव्हीत आबा, पांढरी टोपी, मान एका बाजूला कललेली, वाजवताना डोळे मिटायची त्यांची सवय. म्हातारी काही बोलत नव्हती, मांडीवर बोटांनी ठेका धरला होता. थोरला दारात उभा राहिला. आत ये असं कोणी म्हणालं नाही, जा असंही नाही.

मग चित्रात काल्याची दहीहंडी फुटली. लाह्या उडाल्या, गुलाल उडाला, माणसं नाचायला लागली, आणि टीव्हीवरचं चित्र फुटलं. चौकोन चौकोन झाले, आबांचं तोंड गेलं.

थोरला दारातून म्हणाला, ‘तुहं नेट हळू हाय.’

धाकटा मान न वळवता म्हणाला, ‘दादा, माहं नेट बरोबर हाय. तुह्या पोराचा लॅपटॉप जुना झाला.’

मंडळी, दोन वर्षांनंतर भाऊ भावाशी बोलला, तो संवाद हा. रामायणातली भरतभेट आपण किती रंगवून सांगतो! इथं नेटवरून झाली. म्हातारीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाली, ‘तुम्ही दोघंबी चूप बसा, मले ऐकू द्या.’

खरं म्हणजे दोष कोणाचाच नव्हता. नातवानं समजावलं ते मला फार आवडलं, म्हणून सांगतो. असल्या एका चित्रात आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके, म्हणजे वीस लाखांच्या वर. सेकंदाला अशी पंचवीस-तीस चित्रं. एवढं सगळं जसंच्या तसं हवेतून पाठवायचं म्हटलं तर घरातलं वाय-फाय धाप टाकील. म्हणून संगणक काटकसर करतो. आबांच्या मागचा मांडवाचा खांब हलत नाही, तो पुन्हा पुन्हा पाठवत नाही. हललं काय? आबांचे हात. तेवढं पाठवतो. पण गुलाल उधळला की चित्रातला ठिपका न् ठिपका हलतो, काय ठेवावं आणि काय पाठवावं, संगणकाला सुचत नाही, आणि चित्राचे चौकोन होतात. गुलाल खाली बसला की आपोआप साफ. तसंच झालं. थोड्या वेळानं लाह्या खाली पडल्या, धुरळा निवला, आबा पुन्हा दिसले. तोवर थोरला दारातून आत आला होता आणि पोत्यावर टेकला होता.

आता मागच्या पोरांपैकी एखादा केव्हाचा चुळबुळ करतो आहे. मला माहीत आहे त्याच्या मनात काय आहे. तो म्हणतोय, महाराज, पासवर्ड लागतच नव्हता! बरोबर आहे बाबा. दुसरी एक पद्धत आहे, 2012 साली निघालेली, मिराकास्ट तिचं नाव. लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि ‘के’ हे अक्षर एकदम दाबायचं, टीव्हीवर ‘स्क्रीन मिररिंग’ किंवा तसल्या नावाचं काही असतं ते उघडायचं. मग लॅपटॉप आणि टीव्ही थेट एकमेकांशी बोलतात. मध्ये वाय-फायचा डबा नको, इंटरनेट नको, कोणाचा पासवर्ड नको. लॅपटॉपवर जे दिसतं तेच टीव्हीवर दिसतं, आरशासारखं. लॅपटॉपचं झाकण लावलं की टीव्ही काळा, एवढं सांभाळायचं. यूट्यूबवरचं कीर्तन कास्ट केलं तर तसं नसतं. तिथं संगणक टीव्हीला फक्त पत्ता सांगतो आणि टीव्ही आपला आपण इंटरनेटवरून आणून घेतो. मग लॅपटॉप मिटून तुम्ही वावरात गेलात तरी टीव्ही चालू.

हे मला त्या पोरानंच सांगितलं, संध्याकाळी कीर्तनाला जाताना. मी थबकलो. म्हटलं, ‘अरे, टीव्हीत ती सोय होती का?’

‘होती महाराज.’

‘तुला ठाऊक होती?’

‘होती.’

‘मग काकाकडे कशाला गेलास?’

पोरगा चप्पल झटकत राहिला. म्हणाला, ‘थो व्हिडिओ काकाच्याबी बापाचा हाय ना, महाराज.’

मी पुढे काही विचारलं नाही.

त्या रात्री माझ्या कीर्तनात दोघे भाऊ होते. शेजारी नव्हते, एक टाळकऱ्यांच्या मागे, एक खांबापाशी. भिंत आहे तिथंच आहे, विहिरीच्या पाळ्याही आहेत. परवा त्या पोराचा फोन आला होता. म्हणाला, आजी दर एकादशीला आबा लावायला सांगते. एकादशी आली की काका गाठोडं सोडून उठतो, आत येतो, पुतण्याला ‘तिकडं पाह्य’ म्हणतो. मी म्हटलं, अरे, लॅपटॉपला एकदा पासवर्ड टाकला की तो लक्षात राहतो ना?

पोरगा हसला. म्हणाला, ‘राहाते महाराज. मी दर वेळी पुसून टाकतो.’