त्वचेवरचा जुना भाडेकरू

पावसाळ्याची दमट हवा सुरू झाली, की पुष्कळांच्या मानेवर, पाठीवर व छातीवर फिकट किंवा तपकिरी डाग उमटतात. महाराष्ट्रात त्यांना शिबे म्हणतात, बंगालमध्ये छुली. डाग दिसताच घरात पहिली शंका येते ती कोडाची किंवा कुष्ठरोगाची. आणि डाग लग्नाच्या मुलीच्या अंगावर असले, तर औषधापूर्वी ती शंकाच चार घरे फिरून येते. वस्तुतः या डागांचा कर्ता म्हणजे माणसाच्या त्वचेवर आयुष्यभर नांदणारे एक किण्व आहे. मॅलेसेझिया हे त्याचे शास्त्रीय नाव.

त्याच्या अभ्यासात कलकत्त्याचा मोठा वाटा आहे. १९१४ साली पायाभरणी झालेल्या तेथील स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये गणपती पांजा यांनी हा विषय हाती घेतला. शिब्यांतील बुरशी व डोक्याच्या कोंड्यातील किण्व यांना तोवर निरनिराळी नावे दिली जात. १९२७ साली पांजा यांनी दोहोंना मॅलेसेझिया या एकाच प्रजातीत आणले. त्याच वर्षी ह्यू अ‍ॅक्टन यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी कोंड्याचे कारण हेच किण्व असल्याचे प्रतिपादिले. हे एकीकरण शास्त्रीय जगाने सर्वमान्य करण्यास पुढे कित्येक दशके लागली.

या किण्वाला स्निग्धाम्ले स्वतः बनवता येत नाहीत. म्हणून ते तैलग्रंथींच्या मुखाशी राहते आणि तेथील स्निग्ध द्रव्याचे विघटन करून आपला चरितार्थ चालवते. या विघटनातून सुटणाऱ्या आम्लांनी काहींची त्वचा क्षुब्ध होते, पेशी अकाली झडतात व कोंडा होतो. उष्णता, घाम आणि आर्द्रता वाढली, की त्याच गोल पेशींतून तंतू फुटतात आणि शिबे उमटतात. मुदतपूर्व जन्मलेल्या अर्भकाला शिरेवाटे स्निग्ध पोषण द्यावे लागते, तेव्हा मात्र हे किण्व कधी कधी रक्तात शिरून गंभीर संकट उभे करते.

शिब्याचा डाग हळूच खरवडला, तर कोंड्यासारखा बारीक भुसा निघतो. कोडात तो निघत नाही, आणि कुष्ठरोगाच्या डागावर बहुधा स्पर्शाची जाणीव मंदावलेली असते. निश्चित निदान अर्थात डॉक्टरांनीच करावयाचे. कीटोकोनॅझोल किंवा सेलेनियम सल्फाइड यांसारख्या औषधांनी किण्वाची वाढ आवरते. त्वचेचा रंग पूर्ववत होण्यास मात्र काही महिने लागतात, आणि पुढच्या पावसाळ्यात डाग पुन्हा येऊ शकतात. शिबे असलेल्या माणसापासून दूर सरण्याचे मात्र काहीच कारण नाही. कारण दूर सरणाऱ्याच्या अंगावरही तेच किण्व वस्तीला असते.