कादंबरीला विद्यार्थ्यांचें उत्तर

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रांत क्रमशः आली. यमुना आपली कहाणी स्वतःच सांगते. तिच्या केशवपनाचा प्रसंग वाचून आजहि मन सुन्न होतें. तरीहि परीक्षेंत विद्यार्थी पुष्कळदां गाइडांतील सारांशच उतरवितात. गुण त्यालाच मिळतात.

फुलंब्रीचा विचार करा. मराठवाड्यावर १९४८ पर्यंत निजामाचें राज्य होतें. उस्मानिया विद्यापीठांत शिक्षण उर्दूंतून चाले. तेथील मुलीला आज मराठींत स्वतःचें मत लिहितां येतें. ही संधी उसन्या वाक्यांत दवडावी काय? शिक्षकांनीं एवढेंच विचारावें : 'यमुनेच्या घरांत तूं असतीस, तर कोणाला काय बोलली असतीस?' उत्तरांत शुद्धलेखन चुकेल. पण तें उत्तर तिचें असेल. हरिभाऊंनीं ग्रंथाच्या नांवांतच प्रश्न घातला आहे. 'मीं लक्षांत घेतलें,' असें वहींत कोणी तरी लिहिलें पाहिजे.