पुन्हा एकदा चेहरा?



संयोजकांनी सांगितलंय, प्रत्येकानं सध्या डोक्यात घोळणाऱ्या एका प्रश्नावर पाच मिनिटं बोलायचं. माझा प्रश्न चेहऱ्यावरच आहे. सकाळपासून मैत्रिणी निरखून बघतायत, पण विचारत कुणी नाही. म्हणून मीच सांगते.

सहा वर्षांपूर्वी मी फेसलिफ्टचं ऑपरेशन करून घेतलं. गालांची, जबड्याखालची सैल कातडी वर घेण्याचं. आरशात थकलेली बाई दिसायची आणि मी तर थकलेली नव्हते. ती इच्छा मला आजही गैर वाटत नाही. गाल छान झाले. पण कानाच्या पाळ्या खाली ओढल्या गेल्या, कानापुढचा व्रण रुंदावला. कुड्या वाकड्या बसतात, अंबाडा घालायचा धीर होत नाही. आता गालही पुन्हा उतरू लागलेत. डिसेंबरात लेकीचं लग्न आहे. ती म्हणते, "आई, त्याआधी सगळं परत करून घे."

मग मी दोन सर्जनना भेटले. कातडीखालच्या चरबीच्याही खाली एक पातळ, चिवट थर असतो. १९७६ साली मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. ताण त्या थरानं घ्यायचा, कातडीनं नुसतं झाकायचं. ताण कातडीवर आला की पाळी ओढली जाते. दुसऱ्या वेळी जुन्या व्रणामुळे थर एकमेकांना चिकटलेले असतात, शिल्लक कातडीही कमी. चेहरा हलवणाऱ्या नसेला धक्का लागला तर ओठ किंवा भुवई वाकडी होऊ शकते. म्हणून पहिल्या ऑपरेशननंतर निदान वर्षभर थांबायचं आणि त्याचे कागद नव्या डॉक्टरला दाखवायचे. तंबाखू, मिश्री बंद. निकोटिननं कातडीचा रक्तपुरवठा घटतो आणि जखम भरत नाही. हसू नका, मिश्रीवाल्या इथंही आहेत! विमा अशा खर्चाला सहसा पैसे देत नाही. आणि डॉक्टरकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी आहे का, हे विचारायला लाजायचं नाही.

या नादात मी कावसजीबद्दल वाचलं. इंग्रज फौजेत बैल हाकणारा मराठा शेतकरी. टिपूशी झालेल्या लढाईत कैद होऊन नाक आणि एक हात गमावलेला. पुण्यात एका कारागिरानं कपाळाच्या कातडीतून त्याला नवं नाक करून दिलं. १७९४ साली लंडनच्या मासिकात ती हकिगत छापून आली आणि पुढं १८१४ मध्ये कार्प्यू या सर्जननं तिथं तसंच ऑपरेशन केलं. कावसजीचं दुःख माझ्यापेक्षा फार मोठं. पण चारचौघांत मान वर करून वावरावं, ही इच्छा तीच.

तर माझा निर्णय. गालांना हात लावायचा नाही. ते उतरतायत ते वयानं; त्यासाठी हसू पणाला लावणार नाही. पाळ्यांची दुरुस्ती तेवढी करायची, त्या जागेपुरती भूल देऊन. तीही लग्नानंतर, घाई न करता. लग्नात मी अंबाडा घालणार, गजरा माळणार. ज्याला पाळ्या बघायच्या असतील त्यानं खुशाल बघाव्यात.

तुमच्यापैकी कुणी असा विचार करत असेल तर लपूनछपून करू नका. मला फोन करा. माझ्याकडची प्रश्नांची यादी देईन. निर्णय मात्र तुमचा तुम्हीच घ्या.