छायाचित्राचे मोल आणि छायाचित्रकाराचा हिशेब



तालुक्याच्या गावातील जुन्या फोटो स्टुडिओत भिंतीवर दरफलक टांगलेला असे. पासपोर्ट, पोस्टकार्ड, कॅबिनेट अशा आकारांपुढे दर लिहिलेले असत. छत्तीस फोटोंचा रोल, तो धुण्याची रसायने, छपाईचा कागद हा खर्च गिऱ्हाइकाला समजत असे आणि म्हणून दरही पटत असे. डिजिटल कॅमेरा आला, रोल गेला, कागदही बहुतांशी गेला. दराचा डोळ्यांना दिसणारा आधारच नाहीसा झाला. "नुसते बटण तर दाबायचे, त्याचे एवढे कसले पैसे?" हा प्रश्न आता लग्नघराबरोबरच पैठणीचे विणकर, चप्पल कारागीर आणि पापड-लोणची विकणारे महिला बचत गटही विचारतात. प्रश्न अप्रामाणिक नाही. त्याचे उत्तर मात्र हिशेबानेच द्यावयास हवे.

समजा, एखाद्या छायाचित्रकाराने कॅमेरा, भिंगे, दिवे व संगणक यांत २,४०,००० रुपये गुंतविले आणि ही साधने चार वर्षे टिकली, तर दरसाल ६०,००० रुपयांची झीज झाली. गाळ्याचे भाडे, वीज, दुरुस्ती व प्रवास यांस १,२०,००० आणि कुटुंबाच्या निर्वाहास ३,००,००० धरले, तर वर्षाची बेरीज ४,८०,००० होते. वर्षाचे दिवस ३६५ असले तरी कमाईचे दिवस तितके नसतात. एक दिवस छायाचित्रे घ्यावीत, तर त्यांची निवड व रंगदुरुस्ती यांत दुसरा जातो. वसुलीच्या खेपा आणि पावसाळ्यातील रिकामे दिवस निराळेच. कमाईचे १२० दिवस धरले, तर एका दिवसाचा खर्च ४,००० रुपये पडतो. यात नफा अद्याप धरलेलाच नाही. शेजारचा दीड हजारात जातो म्हणून जो स्वतःही दीड हजारात जातो, तो दर दिवसाला अडीच हजार रुपयांनी आपला कॅमेराच विकून खात असतो. कॅमेरा बंद पडेपर्यंत हे त्याच्या ध्यानी येत नाही, इतकेच.

परंतु येवल्याच्या एकट्या विणकराला ४,००० रुपये जड जातात, हेही तितकेच खरे. काम घाईने उरकणे हा त्यावरील उपाय नव्हे. जरीच्या पदरावर थेट उजेड पडला की पांढरा डाग उठतो, मोराची नक्षी हरवते. रंग चुकीचा उमटला तर दूरच्या गिऱ्हाइकाकडून साडी परत येते. अशा वेळी दर पाडण्याऐवजी दिवस वाटून घ्यावा. आठ विणकर एकत्र आले, प्रत्येकाने तीन साड्या आणल्या आणि ग्रामपंचायतीने आपले सभागृह व वीज दिली, तर दिवे एकदाच मांडावे लागतात आणि प्रत्येकाच्या वाट्यास ५०० रुपये येतात.

दरात आणखी एक गोष्ट दडलेली असते. ती म्हणजे वापराचा हक्क. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, उलट करार नसेल तर, ते काढवून घेणारा असतो. छायाचित्रकाराला हक्क स्वतःकडे राखून केवळ एका माहितीपत्रकापुरती परवानगी द्यावयाची असेल, तर ते आधी लेखी ठरविले पाहिजे आणि दरही त्या मानाने उतरविला पाहिजे. वारली चित्रकाराच्या बाबतीत तर अधिकच जपावे. चित्राचा फोटो काढणाऱ्याला मूळ चित्राच्या प्रती विकण्याचा अधिकार त्यामुळे मिळत नाही; स्वतःसाठी काढलेल्या चित्रावरील हक्क चित्रकाराने लिहून दिल्याखेरीज त्याचाच राहतो.

कार्यालयांविषयीही थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. तीन दरपत्रके मागवून सर्वांत कमी दराचे स्वीकारण्याची रीत परिचयाची आहे. पण मागणीपत्रात "छायाचित्रण, एक दिवस" एवढेच लिहिलेले असेल, तर तुलना कशाची करावयाची? छायाचित्रे किती, रंगदुरुस्ती कोणाकडे, वापर कोठे व किती काळ, प्रवासखर्च कोणाचा, हे त्यात असावे.

देयकाचेही तसेच. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. छायाचित्रण हा सेवा उद्योग असल्याने स्टुडिओचालकाला या तरतुदीचा लाभ मिळू शकतो. त्यासाठीची उद्यम नोंदणी २०२० पासून सुरू आहे आणि तिला शुल्क पडत नाही.