चाकांवरचें घर आणि मुका विक्रेता

भांडखोर दुकानदाराशीं कसें वागावें हें गिऱ्हाइकाला बहुधा कळतें. परंतु जो मुळीं बोलतच नाहीं त्याच्याशीं कसें वागावें हें कळत नाहीं. भाव चढा सांगितला तर घासाघीस करतां येते, माल वाईट दाखविला तर तो नाकारतां येतो. पण पत्राला उत्तर नाहीं, फोन उचलला जात नाहीं, 'उद्यां कळवितों' असें सांगणारा माणूस महिना महिना उगवत नाहीं, अशा वेळीं गिऱ्हाईक गोंधळतें, रागावतें आणि शेवटीं नको तें करून बसतें. ज्यांत निजण्याची, स्वयंपाकाची व न्हाणीची सोय असते असें मोटारघर विकत घेऊं पाहणाऱ्या कुटुंबांना या मुकेपणाची गांठ हटकून पडते.

बुलढाण्याच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाचें घर डोळ्यांसमोर आणावें. नवराबायको दोघेंच, मुलें पुण्यामुंबईकडे. बाईंचे गुडघे दुखरे. धर्मशाळेचे जिने चढणें आणि प्रवासांत शौचाची सोय शोधीत हिंडणें त्यांना आतां झेपत नाहीं. त्यामुळें पंढरपूर राहिलें, रामेश्वर राहिलें. जिल्ह्यांतलेंच लोणारचें सरोवर आणि सिंदखेडराजा येथील जिजाबाईंचें जन्मस्थान देखील कित्येक वर्षांत पुन्हा पाहणें झालें नाहीं. अशांत समृद्धि महामार्ग जिल्ह्यांतून गेला. ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा उघडला आणि ५ जून २०२५ रोजीं शेवटचा टप्पा उघडून ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. राज्य शासनानेंही २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें होतें. हातपाय चालत आहेत तोंवर चार वर्षें फिरून घ्यावें, असें या दोघांच्या मनानें घेतलें तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. मात्र त्यासाठीं निघणारी रक्कम ही त्यांच्या म्हातारपणाची काठी आहे, हेंही विसरून चालत नाहीं.

मग चौकशी सुरू होते. तीन विक्रेत्यांना विचारलें जातें. पहिल्याकडून त्याच दिवशीं सुंदर चित्रें येतात; पण एकंदर किंमत काय, असें विचारतांच तो गप्प होतो. दुसऱ्याकडे फोनवर दर वेळीं निराळा आवाज येतो आणि साहेब बाहेरगांवीं असतात. तिसरा मात्र गोड बोलतो. 'संध्याकाळपर्यंत इसार पाठवा, नाहीं तर गाडी दुसऱ्याला जाईल,' असें सांगतो. पहिल्या दोघांच्या मौनाला कंटाळलेलें मन या तिसऱ्यावर भाळतें. खरा धोका नेमका या क्षणीं असतो. विक्रेता बोलत नाहीं एवढ्यानें कोणाचे पैसे बुडत नाहींत. त्याच्या न बोलण्याला कंटाळून केलेल्या घाईनें ते बुडतात.

हा मुकेपणा येतो कोठून, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. साधी मोटार कारखान्यांत हजारोंनीं तयार होते, तिची किंमत छापलेली असते आणि तिचें दुकान जिल्ह्याच्या गांवीं सांपडतें. मोटारघराचें तसें नाहीं. आपल्या देशांत तें बहुधा मागणीवरून एकेक बांधलें जातें. एका कंपनीचें मूळ वाहन घ्यावयाचें आणि दुसऱ्या कारखान्यानें त्यावर पलंग, ओटा, पाण्याची टाकी, वीज व संडास बसवावयाचा, अशी ती रीत आहे. हें काम करणारे कारखाने पुणें, बंगळूर, चंदीगड, केरळ अशा दूरदूरच्या ठिकाणीं आहेत. चित्रें पाहून हौसेनें विचारणारे पुष्कळ आणि प्रत्यक्ष घेणारे मोजके. त्यामुळें विचारणारा प्रत्येक माणूस रिकामटेकडा आहे असें विक्रेता धरून चालतो. शिवाय टाकी केवढी, वीज किती, माणसें किती हें ठरल्यावांचून किंमत सांगतां येत नाहीं आणि सांगितलेली किंमत अंगावर येईल हें भय असतें. म्हणजे प्रत्येक मौन लबाडीचेंच असतें असें नव्हे. कांहीं मौन कामाच्या गर्दीचें असतें, कांहीं अज्ञानाचें असतें आणि कांहीं मात्र ताकास तूर लागूं न देणाऱ्या व्यापाऱ्याचें असतें.

हें तिन्ही प्रकारचें मौन वरून एकसारखें दिसतें. तें ओळखण्याचा उपाय एकच: नेमकें व लेखी विचारणें. 'मोटारघराची माहिती पाठवा' या मोघम विचारणेला मोघम उत्तर येतें किंवा येतच नाहीं. याच्या उलट, आपण कोठें राहतों, माणसें किती, खर्चाची मर्यादा काय आणि गाडी केव्हां हवी, हें दोन ओळींत सांगून पुढें आंकडे घालून प्रश्न विचारले म्हणजे समोरच्याला दोन गोष्टी उमगतात. हें गिऱ्हाईक खरें आहे, आणि त्याला थापा चालणार नाहींत.

प्रश्नही पोटापाण्याचे असावेत. मूळ वाहन कोणत्या कंपनीचें व कोणत्या सालचें? पाणी, सामान व माणसें धरून भरलेल्या गाडीचें वजन किती? हलक्या मोटार वाहनाची कायद्यांतील मर्यादा ७,५०० किलोग्रॅमची आहे, म्हणून चालकाच्या परवान्याच्या दृष्टीनें हा प्रश्न महत्त्वाचा. बांधणीला ए. आय. एस. १२४ या मोटार कॅराव्हॅनच्या मानकाप्रमाणें मान्यता मिळाली आहे काय, आणि त्या प्रमाणपत्राची प्रत मिळेल काय? बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयांत या गाडीची नोंद कोणत्या वर्गांत होईल, आणि ती करून देण्याची जबाबदारी कोणाची? मे महिन्यांत खामगांव-मलकापूरच्या उन्हांत हवा थंड ठेवणारें यंत्र गाडी उभी असतांना कशावर व किती तास चालेल? नळ गळला, वीज बिघडली तर दुरुस्ती कोठें होईल? मूळ वाहनाची हमी बांधणीनंतर टिकेल काय?

यांतील मान्यतेचा प्रश्न नुसता कागदी नाहीं. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें वाहनाच्या मूळ रचनेंत मन मानेल तसा फेरफार करतां येत नाहीं, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंही या कलमाचा अर्थ कडकपणानें लावला. मान्यतेवांचून बांधलेलें घर नोंदणीच्या वेळीं अडूं शकतें आणि अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यालाही तेंच कारण आडवें येऊं शकतें. ज्या विक्रेत्याचें बोलणें नेमकें या एका प्रश्नापाशीं थांबतें, त्याच्या मौनाचा अर्थ शोधीत बसण्याचें कारण उरत नाहीं.

पत्र पाठविल्यावर दहाबारा दिवस वाट पाहावी, एकदां आठवण द्यावी, आणि तरीही उत्तर न आलें तर तें नांव यादींतून शांतपणें खोडावें. विक्री होण्याआधीं गिऱ्हाईक राजा असतें. त्या राजेपणाच्या काळांतही ज्याला एका पत्राचें उत्तर देण्यास सवड होत नाहीं, तो पैसे हातीं पडल्यावर, गाडी रामेश्वरच्या वाटेवर बंद पडली असतां, धांवून येईल ही आशा व्यर्थ होय. उलट तीन आठवड्यांनीं कां होईना, 'वजन अजून केलेलें नाहीं, करून कळवितों. वातानुकूलन रात्रभर चालणार नाहीं. येऊन पाहून जा,' असें लिहिणारा कारागीर अधिक विश्वासाचा. आपल्याला काय जमत नाहीं हें जो सांगतो, त्याच्या 'जमतें' या शब्दाला किंमत असते.

बाजारांतला विश्वास लिखित नियमावर उभा राहतो, ही गोष्ट वऱ्हाडाला नवी नाहीं. बुलढाणा जिल्हा हा कापसाचा मुलूख. कापसाच्या व्यापारासाठीं खामगांवपर्यंत १८७० सालींच आगगाडी आली. गाडी भरून कापूस आणणारा शेतकरी आणि अडत्या यांच्यांत वजन, भाव व दलाली यांवरून होणारे तंटे केवळ गोड बोलण्यानें मिटले नाहींत. त्यासाठीं वऱ्हाडांत १८९७ सालीं कापूस व धान्य यांच्या बाजाराचा कायदा झाला. नियंत्रित बाजारपेठांच्या आपल्या देशांतील इतिहासांत त्याचें स्थान अगदीं आरंभींचें आहे. ज्या मुलखानें कापसाच्या गाडीसाठीं लेखी नियम मागितले, त्या मुलखांतील माणसानें लाखों रुपयांच्या गाडीसाठीं तोंडी शब्दावर विसंबून राहावें, हें शोभत नाहीं.

आतां कायद्याकडे वळूं. येथें एक मोठा गैरसमज आढळतो. उत्तर न देणाऱ्या विक्रेत्याविरुद्ध तक्रार करूं, असें पुष्कळ लोक रागानें म्हणतात. परंतु ग्राहक संरक्षण कायद्याच्या दृष्टीनें ग्राहक तोच, ज्यानें मोबदला देऊन, निदान अंशतः देऊन अथवा देण्याचें वचन देऊन, वस्तु घेतली. नुसती चौकशी करणारा माणूस अजून ग्राहक झालेला नसतो. तोंवर त्याचें शस्त्र एकच, बंद ठेवलेला बटवा. आणि तें शस्त्र कोणत्याही कलमापेक्षां प्रभावी आहे. इसार दिला कीं तें हातचें जातें व कायद्याचा आधार घेण्याची पाळी येते.

तो आधार आज पूर्वीपेक्षां पुष्कळच बळकट आहे. १९७४ सालीं पुण्यास बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. पुढें १९८६ सालीं देशाला ग्राहक संरक्षणाचा कायदा मिळाला. जुन्या कायद्याप्रमाणें तक्रार सामान्यतः जेथें विक्रेता असेल किंवा जेथें व्यवहार घडला असेल तेथें करावी लागे. बुलढाण्याच्या माणसानें बंगळुरास खेटे घालणें म्हणजे न्यायाची आशा सोडण्यासारखेंच होतें. त्या कायद्याच्या जागीं आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलांत आला आणि त्यानें ग्राहकाला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यांत तक्रार करण्याची मुभा दिली. डिसेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणें ज्या मालासाठीं ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिला आहे, अशी तक्रार जिल्हा आयोगापुढें चालते. २० ते ५० लाखांच्या व्यवहाराला फी १,००० रुपये आहे. तक्रार दोन वर्षांच्या आंत करावी लागते. त्याआधीं सल्ला हवा असेल तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक मदतकेंद्र आहे. बिल किंवा पावती न देणें ही देखील कायद्यानें अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे.

एक सावधगिरी मात्र येथें सांगितली पाहिजे. मोटारघर पर्यटकांना भाड्यानें देऊन धंदा करण्याचा विचार असेल, तर व्यापारी हेतूनें घेतलेल्या वस्तूला या कायद्याचें संरक्षण मिळत नाहीं; स्वतःच्या उपजीविकेसाठीं स्वतः चालविलेल्या धंद्यापुरताच अपवाद आहे. म्हणून 'आधीं फिरूं, मग भाड्यानें देऊं' असा बेत असणाऱ्यांनीं वकिलाचा सल्ला आधींच घ्यावा.

कायद्याचा आधार घेण्याची वेळच येऊं नये, हें सर्वांत उत्तम. पाण्यांत म्हैस आणि बाहेर मोल, असा सौदा आपल्या वाडवडिलांनीं कधीं शहाणपणाचा मानला नाहीं. कारखाना स्वतः जाऊन पाहावा. त्यानें बांधलेलें एखादें घर दोन वर्षें वापरणाऱ्या कुटुंबाशीं बोलावें. तें कुटुंब चार प्रश्नांत जें सांगेल तें विक्रेता चाळीस प्रश्नांत सांगणार नाहीं. शक्य झाल्यास असें वाहन तीनचार दिवस भाड्यानें घेऊन राहावें. गुडघे दुखणाऱ्या बाईंना त्याची पायरी चढवते कीं नाहीं, हें कोणत्याही चित्रावरून कळणारें नाहीं. आणि इसार द्यावयाचाच तर करार लेखी असावा. त्यांत एकंदर किंमत, गाडी ताब्यांत देण्याची तारीख, तारीख चुकल्यास पैसे परत करण्याची अट आणि नोंदणीची जबाबदारी हीं चारही कलमें असावींत. पैसे बँकेमार्फत, फर्मच्या खात्यांत जावेत, कोणा एका माणसाच्या नव्हे.

राहिली गोष्ट वेळेची. त्या शिक्षकाच्या घरीं पैशाइतकाच वेळही मोलाचा आहे. विक्रेत्याच्या उत्तराची वाट पाहण्यांत एक हिवाळा जातो, मग दुसरा जातो, आणि जिच्यासाठीं सारा खटाटोप, ती बाई उंबऱ्यांतच बसून राहते. येथें विक्रेत्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्याच्या मौनाला इतकी सत्ता देऊं नये, एवढेंच. लोणार बुलढाण्याहून साध्या भाड्याच्या मोटारीनें सकाळीं जाऊन संध्याकाळीं परत येण्याजोगें आहे. सरोवराच्या कांठावर किंवा दैत्यसूदनाच्या देवळाच्या ओट्यावर घटकाभर बसतां येतें. पत्राचें उत्तर यावयाचें तेव्हां येईल. घरचा डबा बांधून येत्या रविवारीं निघावयाला त्या उत्तराची गरज नाहीं.