घराचे मोल, गावाचे मोल



महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून या परिषदेसाठी आलेल्या प्रतिनिधींचे सिद्धरामेश्वरांच्या या सोलापूर नगरीत स्वागतसमितीच्या वतीने मी मनःपूर्वक स्वागत करतो. परकीय सत्तेचा अंमल असताना १९३० साली ज्या गावाच्या नगरपालिकेवर तिरंगा फडकला आणि ज्या गावचे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा व जगन्नाथ शिंदे हे चार सुपुत्र १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेले, त्या गावाला पाहुण्यांसमोर मांडण्यासारखे ऐश्वर्य नसेल, पण मान ताठ ठेवण्यासारखा इतिहास आहे. येथे मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू या चार भाषा एकाच गल्लीत नांदतात. या चारही भाषांतून आपले स्वागत असो.

निवासी मिळकतींच्या भावांचा प्रादेशिक विचार करणारी परिषद मुंबईपुण्यास न भरता सोलापुरास का भरावी, असा प्रश्न काहींनी आम्हांला विचारला, आणि तो रास्त आहे. ज्या शहरांत भाव चढतात त्यांची वार्ता रोज वृत्तपत्रांत येते. परंतु ज्या गावांतून माणसे उठून जातात, आपल्याबरोबर आयुष्यभराची बचत नेतात आणि त्या बचतीने दूरच्या शहरातील जमिनीचे मोल वाढवितात, त्या गावांची कैफियत मात्र कोणी लिहीत नाही. रिझर्व्ह बँकेच्या घरांच्या किमतींच्या निर्देशांकातील दहा शहरांत कित्येक वर्षे महाराष्ट्रातून एकट्या मुंबईचा समावेश होता. मुंबईच्या आकड्यांवरून महाराष्ट्राचा अंदाज बांधणे म्हणजे बंदराच्या उलाढालीवरून देशावरच्या पीकपाण्याची आणेवारी काढणे होय. सबब, ज्या प्रदेशाचा हिशेब होत नाही तेथेच तो हिशेब मांडावयास बसावे, हे आम्हांला उचित वाटले.

या नगरीची जडणघडणच घराच्या प्रश्नाशी निगडित आहे. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी, जिला आम्ही आजही जुनी मिल म्हणतो, सुरू झाली; पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या; आणि काम मिळते म्हणून तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. त्यांनी वसविलेल्या पूर्वभागात आपण परिषदेच्या अवकाशात अवश्य फिरावे. तेथील घरात बाहेरच्या खोलीत माग चालतो, आत स्वयंपाक होतो, आणि माळ्यावर मुले अभ्यासाला बसतात. राहण्याची जागा आणि मिळवण्याची जागा तेथे एकच असते. अशा घराची किंमत प्रति चौरस फुटाच्या दराने मोजणाऱ्याला त्या घराचे अर्धेच मोल कळते, आणि पुनर्विकासाच्या नावाने ते कुटुंब सातव्या मजल्यावरील सदनिकेत गेले म्हणजे कागदोपत्री त्याची मिळकत वाढते, पण माग मात्र रस्त्यावर येतो. मालमत्तेच्या मूल्यमापनाचे शास्त्र शिकविणाऱ्या विद्वानांनी या एका गोष्टीचा विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. ज्यांच्या बापजाद्यांना काम या गावात घेऊन आले, त्यांची मुले कामाच्या मागे पुण्यास गेली. हिंजवडी, वाकड, वाघोली, उंड्री ही नावे आज सोलापूर जिल्ह्यातील घराघरांत अशा रीतीने उच्चारली जातात की जणू ती आपल्याच तालुक्यातली मौजे आहेत. कारण प्रत्येक घरचा कोणी ना कोणी तेथे राहतो आणि वीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज फेडतो. त्या कर्जाच्या आधी भरावयाची रक्कम कोठून येते, हे येथील कोणत्याही दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तासभर बसणाऱ्यास उमगेल. बार्शीकडची दोन एकर जमीन विकली जाते, गावठाणातील वडिलोपार्जित जागेचे खरेदीखत होते, आईच्या पाटल्या मोडल्या जातात, आणि ती सगळी पुंजी शहराच्या सीमेवरील दोन खोल्यांत विलीन होते. लातूर, धाराशिव, बीड, परभणी येथील बंधूही हाच अनुभव सांगतील. पुण्याच्या भाववाढीत मराठवाड्याचा आणि सोलापूरचा घाम मुरलेला आहे. आणि त्याच वेळी आमच्या गावांतील प्रशस्त वाड्यांना कुलपे लागत आहेत, त्यांना गिऱ्हाईक मिळत नाही. एकीकडची महागाई आणि दुसरीकडची मंदी ही दोन स्वतंत्र वर्तमाने नसून एकाच स्थलांतराचा जमाखर्च आहे, हे या परिषदेने प्रथम ध्यानात घ्यावे.

मग भाव ठरवितो कोण? मागणी आणि पुरवठा, असे उत्तर देऊन अर्थशास्त्राचा विद्यार्थी मोकळा होईल. पण मागणी अमुक ठिकाणीच का एकवटली, याचा माग काढू लागले म्हणजे बहुधा सरकारी दप्तरातील एखाद्या निर्णयापाशी येऊन थांबावे लागते. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तळ्याचे पाणी पुण्याच्या हौदांत आणले तेव्हा शहर वाढले, हे आपण इतिहासात वाचतो. आजचा क्रम मात्र उलटा झाला आहे. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली आणखी २३ गावे समाविष्ट झाली. तेथे इमले आधी उठले, भाव आधी चढले, आणि पाणी अद्याप कित्येक ठिकाणी टँकरने येते. येथे सोलापुरात उजनीचे विस्तीर्ण धरण आमच्याच जिल्ह्यात असूनही वर्षानुवर्षे चार-चार, पाच-पाच दिवसांनी नळाला पाणी येत गेले, आणि ज्या गावात पाण्याची निश्चिती नाही तेथे नवा उद्योग आणि नवा रहिवासी यावयास कचरतो. सोलापूरचे घर स्वस्त आहे, असे कौतुकाने सांगणाऱ्यांनी त्या स्वस्ताईची ही बाजूही सांगावी.

मुंबईसंबंधी मी थोडेच बोलतो, कारण तेथील प्रतिनिधी अधिक अधिकाराने बोलतील. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली. भाडेकरूला आसरा मिळाला, परंतु मालकाचा दुरुस्तीतील रस संपला, पागडीचा व्यवहार बोकाळला, आणि अखेर मोडकळीस आलेल्या चाळींसाठी १९६९ साली शासनाला निराळा कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमावे लागले. हेतू शुद्ध असूनही परिणाम विपरीत होऊ शकतो, एवढाच बोध मी त्यातून घेतो. कायदाच नको, असा घेत नाही.

भाववाढीतून निर्माण होणारे धन कोणाचे, हा प्रश्न मला याहून महत्त्वाचा वाटतो. नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या आगरी-कोळी शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली हाच प्रश्न विचारला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले, तेव्हा कोठे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याचे तत्त्व मान्य होण्याचा मार्ग खुला झाला. पुण्याजवळ मगरपट्ट्याच्या शेतकरी कुटुंबांनी निराळी वाट धरली: सुमारे चारशे एकर जमीन विकून न टाकता एकत्र केली आणि तिच्या विकासात स्वतःच भागीदार झाले. रस्ता, पूल, विमानतळ, औद्योगिक वसाहत यांवर सगळ्या समाजाचा पैसा खर्च होतो, त्यायोगे भोवतालच्या जमिनीचे मोल दसपट होते, आणि ते सर्व मोल ज्याला आराखड्याची बातमी आधी कळली त्याच्या पदरात पडते, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते, आणि ती तशी आहे हे स्पष्ट शब्दांत सांगण्यास या व्यासपीठाने संकोच करू नये.

आता सरकारी मूल्यदर तक्त्याविषयी, ज्याला व्यवहारात सर्वजण रेडी रेकनर म्हणतात. १ एप्रिल २०२५ पासून या तक्त्यातील दर वाढले, ते मुंबईत ३.३९ टक्के, ठाण्यात ७.७२ टक्के, नाशकात ७.३१ टक्के, आणि आमच्या सोलापुरात १०.१७ टक्के. सर्वांत महाग शहरात वाढ थोडी आणि येथे तिच्या तिप्पट, याचे शास्त्रीय समर्थन असू शकेल. ते अभ्यासकांनी आम्हांला समजावून द्यावे. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि तक्त्यातील किंमत यांपैकी जी अधिक असेल तिच्यावर आकारले जाते. म्हणून तक्ता बाजारापुढे धावला तर ज्याने खरोखर कमी किंमत मोजली तोही न मोजलेल्या रकमेवर शुल्क भरतो. शुल्काचा प्रभाव किती असतो हे २०२० साली दिसले: सप्टेंबरपासून वर्षअखेरपर्यंत ते मुंबईत दोन टक्क्यांवर आणले, आणि डिसेंबरात निबंधक कचेऱ्यांपुढे रांगा लागल्या. नोंदलेल्या प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक दोन, म्हणजे त्या व्यवहाराचा गोषवारा, शासनाकडे असते. तिच्या आधाराने तालुकावार आणि पेठवार खऱ्या किमतींचे कोष्टक दर तिमाहीस प्रसिद्ध व्हावे, आणि ते १ मे २०१७ पासून स्थावर संपदा कायद्याने सक्तीचे केलेल्या चटई क्षेत्राच्याच मापाने व्हावे, असा ठराव या परिषदेने करावा, अशी सूचना मी आपल्यापुढे ठेवतो. जाहिरातीतील भाव हा विकणाऱ्याचा मनोरथ असतो. गरीब खरेदीदाराला आधार हवा तो झालेल्या व्यवहारांचा.

उद्या सकाळी प्रतिनिधींना जवळच्या कुंभारीस नेण्याची व्यवस्था समितीने केली आहे. तेथे विडी वळणाऱ्या भगिनींसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली त्यांच्या हवाली झाली. आणि तेथेच, माजी आमदार नरसय्या आडम, ज्यांना सारे गाव आडम मास्तर म्हणते, त्यांच्या दीर्घ पाठपुराव्यातून तीस हजार घरांचे रे नगर आकारास आले, ज्यातील पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. घरामागे केंद्राचे दीड लाख, राज्याचे एक लाख आणि उरलेला वाटा स्त्रियांच्या स्वतःच्या कष्टाचा. शहरापासूनचे अंतर, येण्याजाण्याचा खर्च, पाण्याची सोय यांविषयी त्या भगिनींच्या तक्रारीही आपण ऐकाव्यात. तथापि, हजार विड्यांच्या मजुरीवर संसार करणारी स्त्री स्वतःच्या नावाच्या घराचे दार उघडून आपणांस आत बोलावील, तेव्हा घराचा भाव केवळ बाजारानेच ठरवावा या मताचा आपण पुन्हा एकदा विचार कराल, अशी मला खात्री आहे.

निवासाची व्यवस्था आम्ही यथाशक्ति केली आहे. काही तसदी झाल्यास स्वयंसेवकांना निःसंकोच सांगावे. भोजनात ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे.  नियोजित अध्यक्षमहोदयांनी अध्यक्षस्थान स्वीकारून कामकाजास प्रारंभ करावा, अशी मी त्यांना स्वागतसमितीच्या वतीने विनंती करतो.